बोहाड्याची सोंगं जवळून बघायचीत? पुण्यातलं आदिवासी संग्रहालय

जव्हार, मोखाडा भागात बोहाडा रात्रभर चालतो. संबळाच्या तालावर, लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचतात. बहुतेक गावांत आधी गणपती येतो, शेवटी देवी महिषासुराला मारते.

हे मुखवटे दिवसाउजेडी नीट बघायचे तर पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. संस्था १९६२ सालची. वारली चित्रं, दागिने, वाद्यंही तिथं बघायला मिळतात. निघण्याआधी वेळ आणि सुट्टी विचारून घ्या.

काचेमागं मुखवटा टिकतो. पण सोंग कुठल्या घराण्याकडं, त्याची चाल कशी, हे गावातल्या जुन्या माणसांनाच ठाऊक. म्हणून पोरांना नेताना आजोबांनाही सोबत न्या. ते सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.