बाल संरक्षण व प्रतिपालकत्व

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या, घरात छळ सोसणाऱ्या किंवा घरापासून दुरावलेल्या मुलांना सुरक्षितता व कुटुंब मिळवून देणारी व्यवस्था. मुंबई इलाख्यात १९२४ च्या बालक अधिनियमाने तिचा पाया घातला. आज तिला बाल न्याय अधिनियम, २०१५ चा आधार आहे.

कार्यपद्धती : पालघर जिल्ह्यातील तुळिंज ही नालासोपारा पूर्वेची दाट लोकवस्ती. अशा ठिकाणी एकटे मूल आढळल्यास १०९८ या मदतवाहिनीच्या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवता येते. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्यांची ही समिती चौकशीअंती मुलाला पालकांकडे, बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात सोपवते.

प्रतिपालकत्व : प्रतिपालक कुटुंब मुलाचा तात्पुरता सांभाळ करते. हे नाते दत्तकविधानासारखे कायमचे नसते; मूळ घर सावरले की मूल परत जाऊ शकते. मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावे यासाठीच्या महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांनाही दरमहा २,२५० रुपये मिळतात. विधवा आईला भाडे, वह्या आणि दूध यांचा मेळ घालून मूल स्वतःजवळ ठेवता येते, हे या योजनेचे मोठे मोल.

महत्त्व : संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याचे तत्त्व आहे. केवळ गरिबीपायी कोणतेही मूल आईपासून तुटू नये, यासाठी शेजारी, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांची जागरूकता अत्यावश्यक ठरते.