पगारपत्रकाचा इतिहास: डेव्ह डफिल्ड आणि तीन पिढ्यांचे सॉफ्टवेअर

१/ डिसेंबर २००४. दीड वर्षाच्या झुंजीनंतर कॅलिफोर्नियातील ‘पीपलसॉफ्ट’ प्रतिस्पर्धी ‘ओरॅकल’च्या स्वाधीन झाली. संस्थापक डेव्ह डफिल्ड तेव्हा ६४ वर्षांचे होते. निवृत्तीचे वय, त्यात पराभव. मात्र पुढच्याच वर्षी त्यांनी नवी कंपनी काढली. आजचा थ्रेड त्यांच्यावर.

२/ आयबीएममधील नोकरी सोडून त्यांनी १९६८ मध्ये पहिली कंपनी काढली. १९७२ मध्ये आली ‘इंटिग्रल सिस्टिम्स’. तिचा व्यवसाय मेनफ्रेम संगणकांवर चालणाऱ्या वेतन व मनुष्यबळ प्रणालींचा होता.

३/ विषय रुक्ष वाटतो, पण पगारपत्रक म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी नव्हे. कर, कपाती, रजा, बढत्या आणि सतत बदलणारे कायदे हे सारे त्यात येते. एवढे सारे एकदा एखाद्या प्रणालीत बसवले की ग्राहक ती सहजासहजी बदलत नाही. या व्यवसायाची खरी संपत्ती हीच.

४/ १९८० च्या दशकात मेजावरचे संगणक आले. काम सर्व्हर आणि वैयक्तिक संगणक यांच्यात विभागता येईल, हे डफिल्ड यांनी ओळखले. इंटिग्रलची भिस्त मात्र मेनफ्रेमवरच राहिली. १९८७ मध्ये ते आपणच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि केन मॉरिस यांच्यासह त्यांनी पीपलसॉफ्ट स्थापन केली.

५/ १९९२ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. १९९९ मध्ये डफिल्ड यांनी सूत्रे क्रेग कॉनवे यांच्याकडे सोपवली.

६/ जून २००३. पीपलसॉफ्टने ‘जे. डी. एडवर्ड्स’ विकत घेण्याची घोषणा केली. त्याच आठवड्यात ओरॅकलने पीपलसॉफ्टसाठीच सुमारे ५१० कोटी डॉलरची बोली लावली, तीही संचालकांच्या संमतीविना. आपली प्रणाली उद्या बंद पडणार का, हा ग्राहकांपुढचा प्रश्न. त्यावर पीपलसॉफ्टने हमी दिली: कंपनी विकली गेली आणि सेवा खंडित झाली, तर परवाना शुल्काच्या काही पट रक्कम परत मिळेल.

७/ फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकी न्याय खाते मक्तेदारीच्या मुद्द्यावर न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये निकाल ओरॅकलच्या बाजूने लागला. ऑक्टोबरमध्ये संचालकांनी कॉनवे यांना दूर करून डफिल्ड यांना परत बोलावले. अखेर प्रतिसमभाग २६.५० डॉलर, म्हणजे एकूण सुमारे १,०३० कोटी डॉलरना सौदा झाला.

८/ किंमत दुप्पट झाली, पण तिचा लाभ भागधारकांना. जानेवारी २००५ मध्ये ओरॅकलने एकत्रित कंपनीतील सुमारे ५,००० पदे कमी करण्याची घोषणा केली. नोकरी गमावलेल्या सहकाऱ्यांसाठी डफिल्ड यांनी स्वतःच्या पैशातून १ कोटी डॉलरचा निधी उभा केला.

९/ त्याच वर्षी अनिल भुसरी या जुन्या सहकाऱ्यासोबत त्यांनी ‘वर्कडे’ सुरू केली. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या यंत्रावर नव्हे, इंटरनेटवरून चालणार होते. २०१२ मध्ये तीही शेअर बाजारात आली. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, त्यांनी गुंतवणूक संस्थांसाठी ‘रिजलाइन’ स्थापन केली.

१०/ मेनफ्रेम, सर्व्हर, क्लाउड: प्रत्येक वळणावर जुन्या ग्राहकांनी आणि जुन्या प्रणालीने प्रस्थापितांचे हात बांधले. डफिल्ड यांनी कोरी पाटी निवडली. मात्र वर्कडेच्या वेळी गाठीशी भांडवल, नावलौकिक आणि विश्वासू माणसे होती. नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्याला अशी कोरी पाटी मिळत नाही. संस्थापकांची चरित्रे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.