ताडोबाचे ठसे आणि हिरव्या टेस्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दुसऱ्याची लायब्ररी घेतो तेव्हा तिच्या सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात. तेवढ्यावर भरवसा ठेवायचा का?" उत्तरासाठी आधी चंद्रपूरच्या ताडोबात जाऊ.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे तिथे आणि देशभर वाघ मोजायची जी पद्धत चालली, ती ओडिशाचे वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये बसवलेली. वनरक्षकाने आपल्या बीटात वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरायची, पेनाने बाह्यरेषा उतरवायची. मग वरचे साहेब चित्रं जुळवून ठरवणार, हा तोच वाघ, हा दुसरा.

पण ओल्या रेतीत आणि धुळीत एकाच वाघाचा ठसा सारखा उतरत नाही ना! उल्हास कारंथांनी एक साधा प्रयोग केला आणि 1987 मध्ये मांडला. पिंजऱ्यातल्या चार वाघांचे ठसे अनुभवी लोकांपुढे ठेवले. नीट जुळणी कुणालाच जमली नाही. उन्हात बीट तुडवणाऱ्या वनरक्षकाचा यात दोष नाही, त्याने दिलेलं हत्यार इमानाने वापरलं. आकडे मात्र तसेच येत राहिले. 2005 मध्ये राजस्थानच्या सारिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता.

नंतर कॅमेरा ट्रॅप आले, ताडोबातही. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा. आधी टिपलेल्यांपैकी किती पुन्हा दिसतात, त्यावरून किती नजरेतून सुटले याचा अंदाज बांधायचा.

गंमत म्हणजे हेच गणित आयबीएमच्या हार्लन मिल्सनी 1972 मध्येच सॉफ्टवेअरला लावलं होतं. कोडमध्ये मुद्दाम 20 बग पेरा. टेस्टनी त्यातले 15 पकडले, म्हणजे खऱ्या बगांतलेही चारातले तीनच हाती लागतायत. खरे 30 सापडले असतील, तर साधारण 10 अजून दडून बसलेत. अडचण एवढीच की पेरलेले बग खऱ्यांइतकेच लबाड हवेत, आणि ते जमवणं कठीण.

तेव्हा लायब्ररीची एक प्रत घ्या. एखाद्या अटीत "पेक्षा कमी"च्या जागी "पेक्षा कमी किंवा समान" करा आणि तिच्याच टेस्ट चालवा. तरीही सगळं हिरवं राहिलं, तर त्या ओळीवर पहारा नाही. सुरुवात तारखांच्या आणि पैशांच्या कोडपासून करा.