धोट्याचा विटाळ : यंत्राला जात नसते म्हणणाऱ्या आपल्या मित्रांसाठी

मार्च महिन्यात आमच्या मंडळाची जयंतीची बैठक होती. विषय नेहमीचाच, वर्गणी आणि खर्च. आम्ही सुचवले की यंदा डीजेचा खर्च निम्म्यावर आणावा आणि उरलेल्या पैशांतून वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना वायरमनचे काम, सीएनसी मशीन, संगणक असे काहीतरी शिकवायची सोय करावी. त्यावर आमच्यातलाच एक तरुण उठला. हिंजवडीला आयटी कंपनीत आहे, घरातला पहिला इंजिनिअर. म्हणाला, "दादा, शिकायला आता कोण अडवतंय? सगळं मोबाईलवर फुकट आहे. मशीनला जात नसते, कोडला जात नसते. ज्याला येतं तो पुढे जातो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही त्या रात्री त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा लेख.

त्याचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. लोखंडाला जात नसतेच. पण लोखंडापाशी उभे कोणाला राहू द्यायचे, हे लोखंड ठरवत नाही. आणि हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी अंगावर घेतलेला आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून, सातारा-नगरकडून माणसे आली, त्यांत आपली माणसेही आली. गावात महारकीचे काम, येसकराची काठी, मेलेले ढोर ओढणे. इथे भोंगा वाजला की कामावर जायचे आणि महिन्याला रोख पगार घ्यायचा. वाफेच्या इंजिनाला कुणाची सावली चालत नाही असे काही नव्हते. गाव सोडून आलेल्या आपल्या माणसांना इथे मोकळा श्वास मिळाला, हे नाकारता येणार नाही.

पण गिरणीच्या आत खाती होती. आपली माणसे मुख्यतः रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. बाया वाइंडिंगला. आणि जिथे कापड विणले जाते ते साचाखाते आपल्याला बंद. साचाखात्यात कोकणातले, घाटावरचे मराठे होते, इतर सवर्ण जाती होत्या, उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर होते. अस्पृश्य नव्हते. आणि पगार कुठे जास्त? अर्थातच साचाखात्यात.

कारण काय सांगत होते? साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर साचा थांबवतो, धोटा काढतो, नवी कांडी बसवतो. मग सुताचे टोक धोट्याच्या छोट्या भोकातून बाहेर यावे म्हणून त्या भोकाला तोंड लावून जोरात श्वास ओढतो. धागा तोंडात येतो, की धोटा तयार. दिवसातून कितीतरी वेळा हे करायचे. तोच धोटा उद्या बदली कामगाराच्या हातात, त्याच्या तोंडाला. म्हणजे अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्णाला तोंड लावावे लागणार. विटाळ!

इथे आपण जरा थांबले पाहिजे, कारण सगळी गंमत इथेच आहे. पाटलाच्या पोराची थुंकी वाण्याच्या पोराला चालत होती. हिंदूची मुसलमानाला आणि मुसलमानाची हिंदूला, कुरकुर करत का होईना, पण साचाखात्यात चालत होती. शेजारच्याला खोकला असला, क्षय असला तरी चालत होते. फक्त आपली चालत नव्हती. आणि ज्या विदर्भात महार पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आले, त्या जातीच्या माणसाला मुंबईच्या मागावर हात लावायची बंदी! यांना विणता येत नाही, हे कारण तर कोणी सांगूच शकत नव्हते.

आता आमच्या इंजिनिअर मित्राने पुढचा भाग नीट वाचावा. तोंडाने धागा ओढणे हा काही निसर्गाचा नियम नव्हता, ती त्या धोट्याच्या बनावटीची मर्यादा होती. आणि ती दूर करणारे यंत्र तेव्हा जगात तयार होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉप नावाचा स्वयंचलित साचा बाजारात आला. त्यात कांडी आपोआप बदलायची आणि धागाही आपोआप ओवला जायचा. त्याच राज्याने १९११ साली तोंडाने धागा ओढावा लागणाऱ्या धोट्यावर कायद्यानेच बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरतात अशी भीती होती. मुंबईच्या गिरण्यांत मात्र बहुतेक साचे लँकेशायरच्या जुन्या पद्धतीचे राहिले. नवा साचा महाग होता आणि इथे माणूस स्वस्त होता. मालकाला हिशेब पक्का ठाऊक होता.

म्हणजे तंत्रज्ञान नव्हते म्हणून आपण साचाखात्याबाहेर राहिलो असे झालेले नाही. ते आणून मालकाचा फायदा नव्हता, आणि आणावे असा आग्रह साचाखात्यातल्या कामगाराचाही नव्हता. आपल्या फुफ्फुसापेक्षा त्याला विटाळाची भिंत जवळची वाटली.

१९२८ साल. मालकांनी त्या काळात नवी योजना आणली होती. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, रिंग खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. माणसे कमी, माल तितकाच. याला गोंडस नाव होते रॅशनलायझेशन. आज त्यालाच एफिशिएन्सी म्हणतात आणि सकाळी ई-मेल पाठवून माणसे काढतात. तर या योजनेविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. जवळजवळ दीड लाख कामगार सहा महिने घरी. कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहणारा माणूस. गिरणगाव त्यांनी पुस्तकात पाहिलेला नव्हता, जिन्यावर पाहिलेला होता. संपात आपलाही कामगार उपाशी मरत होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना साधा सवाल केला : साचाखाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत आहे का? नव्हती. बाबासाहेबांनी धरून ठेवले तेव्हा पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घातली. आणि मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, तुमच्याच कामगारांनी केलेला आहे. मालक हे बोलू शकले, कारण ते अर्धे खरे होते. अर्धे खोटे अशासाठी, की भरती करणारा मुकादम मालकाचाच नोकर होता.

पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, म्हणून त्यांच्यावर संपफोडे असा शिक्का मारणारे आजही भेटतात. अशांना आम्ही एवढेच विचारतो, की ज्या साचाखात्याचे दार आमच्यासाठी उघडत नाही, त्याच्या साच्यांसाठी आमच्या लेकरांनी किती महिने उपाशी राहायचे? आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात, स्वतंत्र मजूर पक्षासह कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांना संपाचे वावडे नव्हते.

त्याच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे तिथले बाबासाहेबांचे विधान आपल्या प्रत्येक भाषणात येते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो हिशेब मांडला, तो फारसा कोणी सांगत नाही. रेल्वे म्हणजे त्या काळातले सर्वांत मोठे आधुनिक तंत्रज्ञान. डब्यात शेजारी कोण बसला हे विचारायची सोय नाही, रेल्वेने जात मोडली असे सुधारक मोठ्या कौतुकाने म्हणत. बाबासाहेब सांगतात की आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. साधा पोर्टरसुद्धा होत नाही. का? कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात कसा चालेल? वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या, फोरमनच्या जागेवर आपला माणूस औषधालाही सापडत नाही. रूळ आपण टाकायचे आणि इंजिनाच्या आसपास फिरकायचे नाही.

हे सगळे पाहिलेला माणूस यंत्राचा द्वेष करू लागला असता तर नवल नव्हते. गांधीजी चरख्याकडे चला म्हणतच होते. बाबासाहेबांनी उलटे सांगितले. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्रातून जे वाईट निघते ते यंत्राचे नसून चुकीच्या समाजरचनेचे आहे. ज्यांच्या वाट्याला खेड्यातली 'स्वयंपूर्णता' ढोर ओढण्याच्या रूपात आली, त्यांना चरख्याचे प्रेम कुठून येणार?

आणि ते नुसते बोलून थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते हाती आल्यावर त्याच ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. त्यात शिक्षणाचा भाग वाचण्यासारखा आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, परदेशी पाठवा. (हे लिहिणारा स्वतः बॅरिस्टर होता!) सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या. छापखाना आणि वर्कशॉप हीच दोन नावे का आली असतील? १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नव्हता. पुढे आपल्या लोकांच्या वर्गणीतून स्वतःचा छापखाना उभा करावा लागला. यंत्र दुसऱ्याचे असले की काय होते, ते त्यांनी भोगले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी आयआयटीत राखीव जागा आल्या १९७३ साली. बावीस वर्षे देशाच्या सर्वांत चांगल्या यंत्रशाळेत आपल्यासाठी वेगळी जागा नव्हती, आणि त्या बावीस वर्षांत बाहेर पडलेले लोक आज आपल्याला मेरिट शिकवतात.

आता आजचे बघा. धोट्याची गोष्ट संपली असे वाटत असेल तर गटाराच्या झाकणाशी जाऊन उभे राहा. १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा त्याहून कडक कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. चोक काढायच्या सक्शन गाड्या आहेत. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ साली मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव बनवून दाखवला. त्याच देशाने २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवले, आम्हीही टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. तरीही सोसायटीची टाकी तुंबली की ठेकेदार फोन करतो, आणि दोरी बांधून आत उतरतो तो बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो. मॅसॅच्युसेट्सचा साचा मुंबईत का आला नाही आणि ते यंत्र आपल्या वॉर्डात का येत नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. साच्यात निदान चांगला पगार होता, म्हणून तो त्यांनी राखून ठेवला. गटार कोणालाच नको, म्हणून ते आपल्यासाठी राखून ठेवले. आरक्षणाला विरोध करणारे या आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढत नाहीत.

गिरण्याही गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव परत उभा राहिला नाही. माग भिवंडीला गेले आणि धुराड्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर आले. नातू त्याच जागी सिक्युरिटीच्या गणवेशात उभा आहे, नाहीतर ॲपवर आलेली ऑर्डर घेऊन सर्व्हिस लिफ्टपाशी थांबला आहे. त्याचा मुकादम आता मोबाईलमध्ये बसतो. चेहरा नाही, कुठे राहतो माहीत नाही, काम का कमी दिले ते सांगत नाही. जुन्या मुकादमाला निदान चहा पाजता यायचा.

आमच्या मित्राचे म्हणणे आम्हाला एका बाबतीत पटते. मोबाईलवर खरोखर पुष्कळ शिकता येते आणि आपल्या पोरांनी ते शिकलेच पाहिजे. पण धोटा हातात धरता येणे आणि साचाखात्यात घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एकट्याने जमते. दुसरीसाठी १९२८ ला मागणीपत्रात ओळ घुसवावी लागली होती, तीही आपल्या बाजूचे म्हणवणाऱ्यांशी भांडून. खाजगी कंपन्यांत आपली ती ओळ अजून लिहिलीच गेलेली नाही.

बैठकीचे पुढे काय झाले तेही सांगतो. डीजेची सुपारी आधीच दिलेली निघाली, त्यामुळे खर्च निम्मा झाला नाही, चौथाई वाचला. त्यात सहा मुलांची वायरमनच्या कोर्सची फी भरली. त्या मित्राने स्वतःहून सांगितले की दर रविवारी दोन तास संगणक शिकवीन, आणि तो येतो, न चुकता येतो. मागच्या रविवारी वर्ग संपल्यावर आम्ही त्याला सहज विचारले, की चौदा एप्रिलला तू कंपनीत रजा टाकलीस तेव्हा कारण काय लिहिलेस?

"घरगुती काम," तो म्हणाला, आणि लॅपटॉप बंद करू लागला.