अर्धस्वयंचलित रायफल : निवड आणि कायदा (अमेरिका)

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते, अशी ही रायफल. अमेरिकेच्या 1994 च्या संघीय कायद्याने मॅगझिन काढता येणाऱ्या रायफलींना बंदीसाठी बाह्य लक्षणांची कसोटी लावली: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खोबण यांसारखी दोन लक्षणे असली की नवे उत्पादन बंद. परिणामी निवडीचा प्रश्न यंत्रणेकडून सुट्या भागांकडे वळला. उत्पादकांनी संगिनीची खोबण काढली, दस्ता पक्का केला आणि तीच यंत्रणा पुन्हा बाजारात आली. साध्या दस्त्याची रुगर मिनी-14 तर सवलतीच्या यादीतच होती, जरी ती एआर-15 चेच काडतूस त्याच पद्धतीने डागते.

घडीच्या दस्त्यामुळे शस्त्र लपवणे सोपे होते, हा आक्षेप खरा आहे. पण गोळीबाराचा वेग त्याने बदलत नाही. त्या कायद्यातील खरे वजनदार कलम दहापेक्षा जास्त काडतुसांच्या नव्या मॅगझिनांवरील बंदीचे होते, मात्र जुनी मॅगझिने विक्रीत राहिली. कायदा सप्टेंबर 2004 मध्ये संपला. न्यूझीलंडने 2019 मध्ये यंत्रणा आणि मॅगझिनची क्षमता हेच निकष धरले. तिथे मूठ बदलून सुटका होत नाही.