इतवारीतील रस्त्यालगतच्या मालमत्तांची सुधारणा

इतवारी या नागपूरमधील जुन्या व्यापारपेठेत रस्त्यालगत अनेक जीर्ण इमारती आहेत. त्यांची सुरक्षितता व बाह्यरूप सुधारण्यासाठी नागपूर महानगरपालिकेपुढे दुरुस्तीची नोटीस, रस्तारुंदीकरण, फलकांचे नियमन आणि पुनर्विकास हे प्रमुख पर्याय आहेत. बहुतेक इमारती खासगी मालकीच्या असल्याने महानगरपालिकेला कायदेशीर अधिकार व सवलती यांच्या आधारे मालक आणि भाडेकरू यांच्याकडूनच हे काम करून घ्यावे लागते.

पार्श्वभूमी

बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी यांप्रमाणे इतवारी हे नावही आठवडी बाजाराच्या वारावरून पडले आहे. सराफा, धान्य, किराणा, कापड आणि भांडी यांचा घाऊक व किरकोळ व्यापार येथे चालतो. एका व्यवसायाच्या लोकांची वस्ती वा दुकाने असलेल्या गल्लीला नागपुरात ‘ओळ’ म्हणतात. चितार ओळ हे त्याचे परिचित उदाहरण होय. तळमजल्यावर दुकान आणि वर निवास किंवा गोदाम ही येथील इमारतींची नेहमीची रचना आहे.

नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. १९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला, तर १९५१ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचा कारभार दीर्घकाळ नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८ नुसार चालत असे. २०१२ पासून तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे.

दुरवस्थेची कारणे

विदर्भात पूर्वी ‘मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९’ लागू होता. भाडेकरूला काढण्यासाठी भाडे नियंत्रकाची परवानगी लागत असे आणि जुन्या भाडेकरूंचे भाडे अल्प राहत असे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वार्षिक ४ टक्के भाडेवाढीची मुभा आहे. परंतु मूळ भाडेच कमी असल्यास या वाढीतून मोठ्या दुरुस्तीचा खर्च निघत नाही.

वारसांमध्ये विभागलेली मालकी हे दुसरे कारण आहे. तिसरे कारण प्रस्तावित रस्तारुंदीकरणाचे आहे. जी भिंत पुढे पाडली जाणार आहे, तिच्यावर खर्च करण्यास मालक तयार होत नाहीत.

उपलब्ध पर्याय

दुरुस्तीची नोटीस: अधिनियमाच्या कलम २६४ नुसार, मोडकळीस आलेली किंवा पडण्याचा संभव असलेली इमारत दुरुस्त करण्याचा, सुरक्षित करण्याचा वा पाडण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक आहे. पावसाळ्यापूर्वी अशा नोटिसांना विशेष महत्त्व येते, कारण रस्त्यालगतची भिंत कोसळल्यास पादचाऱ्यांच्या जिवाला धोका असतो.

भाडेकरूने करावयाची दुरुस्ती: इमारत सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस दिल्यानंतर १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. त्यामुळे कमी भाड्याच्या दुकानात या तरतुदीचा लाभ किरकोळ कामांपुरताच राहतो.

रस्तारुंदीकरण: कलम २१० अन्वये रस्त्याची नियमित रेषा ठरवली जाते आणि तिच्या पुढे आलेले बांधकाम मोबदला देऊन मागे घेता येते. इतवारी परिसरातून जाणाऱ्या जुन्या भंडारा मार्गाचे मेयो रुग्णालय ते सुनील हॉटेल या टप्प्यातील १८ मीटर रुंदीकरण हे याचे ठळक उदाहरण होय. २००० साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यातील हे काम भूसंपादन व मोबदल्याच्या प्रश्नांमुळे दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले. अशा कामात उरलेल्या अर्धवट इमारतींना नवा दर्शनी भाग बांधून द्यावा लागतो. तो न बांधल्यास रस्ता रुंद होऊनही दृश्य विद्रूपच राहते.

फलक व दर्शनी भाग: कलम २४४ आणि २४५ नुसार जाहिरात फलकांसाठी महानगरपालिकेची परवानगी लागते. भिंतींवर विनापरवानगी भित्तिपत्रके लावणे वा मजकूर लिहिणे हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार गुन्हा आहे. मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानदारांच्या सहभागाने फलकांचा आकार व जागा निश्चित करण्यात आली आणि त्यामुळे झाकलेल्या कमानी पुन्हा दिसू लागल्या. इतर पर्यायांच्या तुलनेत हा उपाय कमी खर्चाचा असून त्यात कोणाचेही विस्थापन होत नाही.

पुनर्विकास: डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत जुन्या व धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्राची सवलत आहे. मेट्रो मार्गालगतच्या पट्ट्यातही वाढीव चटई क्षेत्र मिळू शकते. मात्र ते रस्त्याच्या रुंदीवर व भूखंडाच्या आकारावर अवलंबून असते. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरील मोठ्या भूखंडांना जे शक्य आहे, ते आतील अरुंद ओळींना सहसा साध्य होत नाही.

मर्यादा

मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे मंडळ करते; नागपुरात अशी व्यवस्था नाही. इमारत पाडण्याचा आदेश निघाल्यास दुकानाची जागा कायमची जाईल, ही भाडेकरूंची मुख्य भीती असते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला की, केवळ इमारत नष्ट झाल्याने भाडेहक्क संपुष्टात येत नाही. तरीही प्रत्यक्ष जागा परत मिळेपर्यंत व्यापार कोठे करायचा हा प्रश्न उरतो. त्यामुळे पर्यायी जागा, भाडेकरूंची नोंद आणि रस्त्याची निश्चित रेषा या तीन बाबी आधी स्पष्ट झाल्यास दुरुस्ती वा पुनर्विकासाला मालक व भाडेकरू या दोघांची संमती मिळणे सुकर होते.

हे सुद्धा पहा

नागपूर महानगरपालिका
नागपूर सुधार प्रन्यास
महाल, नागपूर