साखरेची पट्टी, मूत्रपिंडाची पट्टी

आपल्या मस्कतकर मंडळींपैकी बऱ्याच घरांत साखर तपासायचं छोटं यंत्र असतं. एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडने साखर मोजायची ही कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९६२ सालची. १९८७ मध्ये पेनसारखं ‘एक्झॅकटेक’ आलं आणि वापरून फेकायची पट्टी घरोघरी पोचली.

मग मूत्रपिंडाची पट्टी मागे का राहिली? क्रिएटिनिनची रंगक्रिया तर याफे यांना १८८६ मध्येच सापडली होती! पण १०० मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅमच्या आसपास, तर क्रिएटिनिन जेमतेम १. शिवाय ते मोजायला सहसा एकाऐवजी तीन एन्झाइम लागतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. नवकांत भट आणि सहकाऱ्यांनी लघवीतलं अल्ब्युमिनही पट्टीवर मोजून दाखवलं. त्यातूनच २०१५ मध्ये ‘पाथशोध’ ही कंपनी निघाली. मधुमेहात मूत्रपिंड बिघडायला लागलं की हे प्रथिन लवकर झिरपतं, तेव्हा दुखत-खुपत काहीच नसतं.

ओमानमध्ये डायलिसिस १९८३ ला आणि प्रत्यारोपण १९८८ ला सुरू झालं. ही मोठीच सोय, पण शेवटच्या टप्प्यावरची. तेव्हा मधुमेही मंडळींनो, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या!